पडद्याखालची पांढरी अक्षरं

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. गंमत बघा — मी तोंडाचंच खातो, आणि नेमकी हीच तोंडात अडकून बसली. बायकोला माहीत नाही, मंडळात कुणाला माहीत नाही. एका बाईला माहीत आहे, पण ती बोलत नाही. एकदा बोलून बघितलं होतं तिनं. तेव्हा काय झालं, तेच तुम्हाला सांगायचं आहे — पण लगेच नाही. आधी थोडं माझ्याविषयी ऐकून घ्या. मला माझ्याविषयी सांगायला आवडतं.

मी लातूरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं इंग्रजीला विचारत नाहीत हे खरं, पण माझ्या तासाला मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा जागं असतं. कारण आवाज. सेवापूर्ती असो, पुस्तक प्रकाशन असो, कुणाच्या मुलीचं लग्न असो — माईकवर मी. औसा, चाकूर, रेणापूर, अहमदपूर, कुठंही जा. लोक आधी माझी तारीख विचारतात आणि मग मंडप ठरवतात. गर्वाचं घर खाली, असं म्हणतात. माझं घर अजून तरी दुसऱ्या मजल्यावरच आहे आणि खिडकीतून अर्धं लातूर दिसतं.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी मिळून चित्रपट मंडळ काढलं. अध्यक्ष बिराजदार काका — गूळ-मसाल्याचे ठोक व्यापारी, पण जीव जपानी सिनेमावर. महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी तीन वाजता, एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही परदेशी सिनेमा दाखवतो. फुकट. आता इराणी, फ्रेंच, जपानी बोलणं कुणाला समजणार? खाली इंग्रजीत पांढऱ्या ओळी येतात, पण एक वाचेपर्यंत दुसरी येते, आणि निम्म्या हॉलला इंग्रजी म्हटलं की घाम फुटतो. तेव्हा मी युक्ती काढली. पडद्याच्या बाजूला लॅपटॉप आणि माईक घेऊन बसायचं, आणि खाली ओळ आली की मराठीत बोलायची. पुरुषाची पुरुषासारखी, बाईची बाईसारखी, म्हाताऱ्याची खोकत. लोकांनी त्याला नाव दिलं, ‘धावतं मराठी’. पुण्याहून आलेले एक पाहुणे म्हणाले, असं जगात कुठं बघितलं नाही. मी म्हणालो, मग तुमचं जग बघायचं राहिलंय.

आणि चिठ्ठ्या. सिनेमा संपला की प्रत्येकाच्या हातात वहीचं अर्धं पान. मत लिहायचं, नाव लिहायचं नाही, घडी घालून बुंदीच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. मग मी माईकवरून एकेक चिठ्ठी वाचून दाखवायची — जशीच्या तशी. एका इराणी सिनेमाला कुणीतरी लिहिलं होतं, ‘झोप चांगली लागली, आभारी आहे.’ तेही वाचलं. चिठ्ठी कुणाची, हे मात्र कधीच विचारायचं नाही. हा नियम माझा. आमच्या मराठवाड्यात माणूस मत द्यायला कचरत नाही, पण मत आपल्या नावावर लागायला कचरतो. म्हणून हा नियम. त्याचा मला अभिमान होता. आहे.

नियम मोडला तो मीच. पण थांबा.

शमीम आपा आमच्याकडे दुसऱ्या वर्षापासून यायच्या. गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. बायको तिथूनच ब्लाउज शिवून घेते. घराणं तिथलंच, तीन पिढ्या शिवणकामातलं. आपा एकट्या आल्या नाहीत. येताना गल्लीतल्या दहा-अकरा बायका घेऊन आल्या. मोमीन, माळी, कोष्टी, सगळ्या. त्याआधी आमच्या हॉलमध्ये बायका म्हणजे माझी बायको आणि काकांची सून, त्याही मुकाट्यानं घड्याळ बघणाऱ्या. आपांच्या बायका आल्या आणि हॉलला डावी बाजू आली. त्या खुसखुसायच्या, चुकचुकायच्या, पडद्यावरच्या सासूला शिव्या घालायच्या. सिनेमा बघावा तर त्यांनी.

तीन वर्षांपूर्वी निवड समितीत एक जागा रिकामी झाली. निवड समिती म्हणजे पुढचा सिनेमा कोणता, हे ठरवणारे पाच जण — पाचही पुरुष. बिराजदार काका म्हणाले, “सर, शमीम आपाला घेऊ की. लई बारीक बघतात त्या.” मी अनुमोदन दिलं. ठराव माझ्या अक्षरात लिहिला — माझं अक्षरही चांगलं आहे — आणि कागद खिशात ठेवला. रविवारी चिठ्ठ्या वाचून झाल्या की जाहीर करायचं. गुप्त ठेवायचं ठरलं होतं, पण काकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यांनी आपांना सांगून टाकलं होतं. त्या रविवारी आपा नवी मोतिया ओढणी घेऊन आल्या होत्या, आणि बरोबर नेहमीपेक्षा जास्त बायका होत्या.

सिनेमा होता ब्राझीलचा. नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. पहिला तासभर निव्वळ गुन्हेगारी — सोन्याची दुकानं फोडणारी टोळी, गल्लीबोळांतून मोटरसायकली, पिस्तुलं. मग टोळीतला एक जण जखमी होतो आणि उसाचा रस विकणाऱ्या एका बाईच्या खोलीत लपतो, आणि तिथून सिनेमा दुसराच होतो. प्रेम. मध्येच दोघं नाचतात, मध्येच खदखदून हसवतात, परत बंदूक निघते. शनिवारी मी तो लॅपटॉपवर बघायला बसलो. दोघांचं सूत जुळेपर्यंत बघितला, तेवढ्यात रेणापूरहून गाडी आली. एका मुख्याध्यापकांची सेवापूर्ती होती आणि माझ्याशिवाय कार्यक्रम सुरू होणार नव्हता. उरलेला उद्या तिथंच बघू, म्हटलं. इंग्रजी म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ!

आधी पूर्ण न बघता मी माईकवर बसलो, तो हा एकच सिनेमा. एकच. पण एकदाच पुरतं ना?

त्या दिवशी मी जे बोललो, तसं कधी बोललो नाही. चोराचा आवाज जरा घोगरा काढला, बाईचा खणखणीत. दोघं नाचले तेव्हा डावी बाजू टाळ्या वाजवत होती. शेवटचा प्रसंग बसस्टँडवरचा होता. भर दुपार, त्याच्या हातात दोन तिकिटं, आणि ती येते — हातात पिशवी नाही, काही नाही. त्याच्यासमोर उभी राहते. हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता. आणि मी — मी पडद्यावरची नजर काढून लोकांकडे बघितलं. काका चष्मा काढून डोळे पुसत होते. पहिल्या रांगेतली कॉलेजची मुलगी ओठ चावत होती. हे सगळं माझ्या आवाजानं केलंय, असं मनात आलं. फार बरं वाटलं. पडद्याकडे परत बघितलं, तेव्हा बाईचे ओठ हलून झाले होते. पांढरी ओळ येऊन गेली होती.

थांबता आलं असतं? आलं असतं. पण सगळा हॉल माझ्या तोंडाकडे कान लावून बसलेला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बाईच्या आवाजात, किंचित कापत, मी म्हणालो — “सगळं मागं सोडून आले. आता तुम्ही जिथं, तिथं मी.”

पडद्यावर तो तिच्याकडे बघून हसला. दोन्ही बाजूंनी पोलीस आले. त्यानं हात वर केले. माझ्या ओळीनंतर लोकांना वाटलं, तिला गोळी लागू नये म्हणून पठ्ठ्यानं स्वतःला पकडून दिलं. सगळं चपखल बसलं. कुठंतरी हुंदका आला आणि दिवे लागले.

डबा भरून चिठ्ठ्या आल्या. काय एकेक मतं होती! ‘एका तिकिटात दोन पिक्चर. तिकीट न्हाई, तरी बी.’ ‘चोरीचा की प्रेमाचा, हे डायरेक्टरने आधी ठरवून घ्यायला पाहिजे होते.’ ‘चोर इतका देखणा दाखवू नये, घरोघरी तरुण मुली आहेत.’ ‘ब्राझीलमधी बी आपल्यासारखाच रस काढून राहिलेत, फक्त आलं टाकत न्हाईत.’ आणि सात-आठ चिठ्ठ्यांवर, वेगवेगळ्या अक्षरांत, माझी ओळ. ‘आता तुम्ही जिथं, तिथं मी.’ एकीनं लिहिलं होतं, ‘बाई असावी तर अशी.’ मी वाचत होतो आणि माझी छाती फुगत होती. ब्राझीलच्या बाईच्या नावावर माझं वाक्य गाजत होतं, आणि हे फक्त मला माहीत होतं. तसं वाटलं मला.

मग ती चिठ्ठी हाताला लागली.

‘सर बोलले ते बाई बोलली नाही. बाई बोलली, मीच पोलिसाला सांगितले, पळू नको. ते ऐकून पण तो हसला. म्हणून पिक्चर प्रेमाचा आहे, चोरीचा नाही.’

नऊ वर्षांत त्या डब्यातून असं मत निघालेलं नाही. खरंच सांगतो. अख्खा हॉल चोरीचा की प्रेमाचा यावर भांडत होता, आणि कुणीतरी अर्ध्या पानावर निकाल लावून टाकला होता. मला तो तिथंच पटला. मीही मतं पारखणारा माणूस आहे, मला सोनं कळतं. आणि आणखी एक गोष्ट कळली — ती पांढरी ओळ मी वाचली नव्हती, आणि हॉलमध्ये बसलेल्या कुणीतरी वाचली होती.

काय करायला हवं होतं, हे तुम्हीही सांगाल. माफ करा, नजर चुकली, एवढं म्हणायचं. लोक हसले असते, टाळ्याही पडल्या असत्या कदाचित. पण मी इंग्रजीचा मास्तर. माझे विद्यार्थी हॉलमध्ये, त्यांचे आईबाप हॉलमध्ये, क्लासचे मालक तिसऱ्या रांगेत. मी चिठ्ठी मोठ्यानं वाचली — नियम ना! — पण अशा सुरात वाचली, की लोक वाचतानाच हसायला लागले. आवाज कसा वाकवायचा, हे मला कळतं. आणि मग मी, ज्यानं तो नियम केला त्यानं, हसत विचारलं, “कुणाची हो ही चिठ्ठी?”

शमीम आपा उठून उभ्या राहिल्या. ओढणी सावरून, चेहरा खुललेला. त्यांना काय वाटलं असेल? मला वाटतं, त्यांना वाटलं — आता जाहीर करायची वेळ झाली.

“सर, माझी हाय.”

“इंग्रजी कुठं शिकलात, आपा?”

“शिकले न्हाई, सर. मोबाइलवर कोरियाच्या सीरियली बघते. खाली इंग्रजी येतं. वाचून वाचून समजायला लागलं.”

हॉल हसला. ते पहिलं हसू वाईट नव्हतं, कौतुकाचंच होतं. तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. मी थांबलो नाही. म्हणालो, “बघा मंडळी! कोरियाच्या बाईनं शिकवलेल्या इंग्रजीत ब्राझीलची बाई वाचली, आणि चूक निघाली लातूरच्या मास्तरची! आपा, ब्लाउजचं माप तुम्ही घ्या, इंग्रजीचं माझ्याकडं राहू द्या.”

हे मी बोललो. शब्दाला शब्द हेच. घरी सराव केल्यासारखं सफाईदार आलं. हॉलभर हशा कोसळला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, काका पोट धरून हसले, आणि डाव्या बाजूच्याही दोघी-तिघी हसल्या. आपांनी वळून बघितलं, ते फक्त त्यांच्याकडे.

“पांढऱ्या अक्षरात आलतं, सर. मी वाचले,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू.

“बसा, आपा.”

त्या बसल्या. उठून गेल्या नाहीत. उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी ऐकून घेतल्या, मांडीवर हात ठेवून. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी माईकवरून मारत होतो आणि लोक दाद देत होते.

शेवटची चिठ्ठी झाली. काकांनी खुणेनं विचारलं, कागद? मी मान हलवली. आज नको. काय करणार होतो? जिला इंग्रजी येत नाही असं मी पाच मिनिटांपूर्वी सगळ्या हॉलला सांगितलं, तिला परदेशी सिनेमे निवडायला बसवायचं? मग लोकांनी मला विचारलं असतं. म्हणून आपा समितीत आल्या नाहीत. पुढच्या महिन्यात ती जागा आमच्या क्लासच्या मालकांना दिली. त्यांनी आजवर एकही सिनेमा शेवटपर्यंत बघितलेला नाही.

सोमवारी सकाळी, तासाला जायच्या आधी, मी लॅपटॉप उघडून शेवट लावला. बाई समोर येते, ओठ हलतात, खाली ओळ येते. मीच सांगितलं त्यांना. पळू नकोस. चिठ्ठीत होतं, तेच. मी चार वेळा बघितलं — बदलेल, अशी आशा होती की काय, कोण जाणे. आणि तो हसतो ते हसू! ती ओळ माहीत असली की ते हसू वेगळंच दिसतं. त्याला कळलंय, की हिनंच आपल्याला धरून दिलं, आणि हिच्याइतका जीव आपल्याला कुणी लावला नाही, हेही कळलंय. आपांनी ते एकदाच बघून ओळखलं होतं.

इथवर चूक म्हणता येईल. मीही बरेच दिवस चूकच म्हणत होतो. नजर चुकली, तोंड घसरलं, माणूस आहे. पण ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवायचं? कबूल करायला बसलोय तो लातूरच्या रविवारसाठी नाही. नांदेडसाठी.

दोन महिन्यांनी नांदेडहून निरोप आला. लातूरला गाजलेला तो ब्राझीलचा पिक्चर आमच्याकडे करा, धावत्या मराठीसकट. मोठा हॉल, चारशे माणसं. माझी ओळ आमच्याही आधी तिथं पोचली होती. लोकांनी ती स्टेटसला लावली होती, एका लग्नपत्रिकेवरही छापली होती म्हणे. एसटीत बसलो. अहमदपूर गेल्यावर डायरी काढली आणि दोन्ही ओळी खाली-वर लिहिल्या, खरी आणि माझी. लोह्याला चहाला गाडी थांबेपर्यंत दोन्ही मनात म्हणून बघत होतो. खरी म्हटली तर लोक सुन्न होतील. माझी म्हटली तर रडतील. आणि खरी म्हटली तर — लातूरहून पंधरा-वीस जण येणार होते. त्यांना लगेच कळलं असतं, की त्या दिवशी शमीम आपा खऱ्या होत्या. लोह्याच्या स्टँडवर, चहाचा कप हातात असताना, मी ठरवलं. शांतपणे ठरवलं. घाबरलो वगैरे नव्हतो.

नांदेडच्या पोरांनी मंडळाचा बॅनर पडद्याच्या वर बांधला होता. मी म्हणालो, “वर नको रे, खाली बांधा. खाली शोभून दिसतं.”

“सर, खालचं वाचायला येणार न्हाई मग.”

“वाचायचं कशाला? मी हाय ना.”

त्यांनी खाली बांधला, पडद्याची दोन फुटांची कड झाकून. सिनेमा सुरू झाला तशी पांढरी अक्षरं बॅनरवरच्या रंगीबेरंगी नावांवर पडत गेली, आणि कुणाला एक शब्द लागला नाही. मला लॅपटॉपवर सगळं स्वच्छ दिसत होतं. बसस्टँडचा प्रसंग आला. मी लोकांकडे बघितलं नाही या वेळी. ओळ येताना बघितली, पूर्ण वाचली, आणि म्हणालो — “सगळं मागं सोडून आले. आता तुम्ही जिथं, तिथं मी.”

चारशे माणसं रडली. शाल मिळाली, नारळ मिळाला, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: मराठवाड्याला जगाचा सिनेमा ऐकवणारा आवाज. लाज वाटली का, असं तुम्ही विचाराल. नाही वाटली. अभिमान वाटला. परतीच्या गाडीत मी शाल पिशवीत ठेवली नाही, खांद्यावरच ठेवली. आणि आता सांगतोय तर तेही सांगतो, ती ओळ चांगली होती असं मला आजही वाटतं. पडलो तरी नाक वर, त्यातला मी. ते नाक आणखी तीन वर्षांनीही खाली येणार नाही बहुतेक.

तेव्हापासून बॅनर खालीच बांधतात. आमच्या मंडळाची ती पद्धतच झाली. परवा परभणीच्या लोकांनी फोटो बघून तसाच बांधला. म्हणजे माझं मराठी खरं की खोटं, हे बघायची सोयच हॉलमध्ये उरलेली नाही. पुढं मी मुद्दाम काही बदललं नाही. पण हे माझ्याकडून ऐकून तुम्ही खरं कशाला मानावं?

आपा परत आल्या नाहीत. पहिल्या महिन्यात डावी बाजू तशीच रिकामी ठेवली, मग तिथं पुरुष बसायला लागले. बायकोकडून कळायचं — गल्लीत त्यांना महिनाभर मास्तरीणबाई म्हणून चिडवत होते. गिऱ्हाइकं विचारायची, काय आपा, ब्लाउजवर इंग्रजी काढून देता का? बायकोनं हे मला हसत सांगितलं, आणि मीही हसलो. मंडळात कधीमधी कुणी विचारतं, सर, बायका का येईनात हो? मी म्हणतो, सीरियली सोडवत नाहीत त्यांना. या वाक्यालाही हशा येतो.

मागच्या महिन्यात बायकोनं ब्लाउज आणायला पाठवलं. मी टाळत आलो होतो इतकी वर्षं, पण तिचा पाय मुरगळला होता. दुपारची तीन-साडेतीनची वेळ. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि आतून टीव्हीचा आवाज येत होता. भाषा कुठलीतरी परकी. वाकून बघितलं. कापडाच्या ढिगांमध्ये दहा-बारा बायका खाली बसलेल्या. डाव्या बाजूच्या सगळ्या — त्या दिवशी हसलेल्या दोघी-तिघीसुद्धा. भिंतीवर टीव्ही. आपा मशीनवर, पाय पायडलवरून काढलेला, आणि खालची ओळ आली की मराठीत सांगत होत्या. आवाज बारीक, सपाट. पुरुषाचं, बाईचं, पोराचं, सगळं एकाच सुरात. माझ्या कानाला आधी ती खोटच टोचली. जित्याची खोड.

मग त्या थांबल्या. रिमोट उचलला.

“ठैरो. हे न्हाई समजलं मला. मागं घेते.”

“काय बी सांगा की, आपा,” एक बाई म्हणाली. त्या दिवशी हसलेल्यांपैकीच. “आम्हाला कुठं कळून राहिलंय?”

“तसं कसं सांगू गं? ती बोलली तेच सांगायचं.”

चित्र मागं गेलं. आपांनी ओळ वाचली, परत मागं नेली, परत वाचली. ओठ हलत होते. बायका वाट बघत बसल्या होत्या, कुणी घाई केली नाही, कुणी हसलं नाही. मी शटरबाहेर उभा होतो. क्लासमध्ये, मंडपात, हॉलमध्ये, इतकी वर्षं माईक हातात घेऊन उभा राहतोय. मला समजलं नाही, असं मी एकदाही म्हटलेलं नाही.

त्या रविवारी लातूरच्या हॉलमध्ये शमीम आपा खऱ्या होत्या. मी खोटा होतो. नांदेडला तर ठरवून खोटा होतो. हे तिथंच, त्या दहा-बारा बायकांसमोर सांगायला चार पावलं आत जावं लागलं असतं. गेलो असतो तर आपांनी “या सर” म्हणून टीव्ही बंद केला असता, स्टूल पुसून दिलं असतं, आणि ब्लाउजचं माप बरोबर आहे का ते बघा म्हणाल्या असत्या.

मी तसाच मागं वळलो. घरी बायकोनं विचारलं, ब्लाउज कुठंय? दुकान बंद होतं, म्हणालो.